दिवसा रिकामं, रात्री भरलेलं गाव

नागरदेवळे, दरेवाडी, निंबळक, नवनागापूर. नगर शहराला लागून असलेल्या यांपैकी कोणत्याही गावात दुपारी एक वाजता जा आणि रात्री साडेआठला पुन्हा जा. दोन वेगळी गावं पाहिल्यासारखं वाटेल. दुपारी पारावर चार म्हातारी माणसं, अंगणवाडीतून घरी निघालेली पोरं, किराणा दुकानात गल्ल्यावर पेंगणारा दुकानदार. रात्री त्याच रस्त्यावर दुचाकी लावायला जागा नसते. वडापावच्या गाडीवर गर्दी असते आणि जिन्याजिन्यातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

एवढी माणसं दिवसभर असतात कुठे? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी एमआयडीसीत, कुणी माळीवाड्यातल्या दुकानात, कुणी दवाखान्यात, कुणी कलेक्टर कचेरीत, कुणी कॉलेजात. काम शहरात आणि मुक्काम गावात. पण उत्तर इथे संपत नाही. शहरात काम करणारा माणूस शहरात का राहत नाही? सगळी गावं अशी बदलत नाहीत, मग काहीच का बदलतात? आणि ज्या गावात घराघरात टाइल्सचं न्हाणीघर आहे, त्याच गावात उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन का पळावं लागतं?

या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकेक करून सोडवू. जिल्ह्याचं आणि शहराचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे. पण गावकरी आजही ‘नगरला जाऊन येतो’ असंच म्हणतात, म्हणून या लेखातही तेच नाव ठेवतो.

अर्ध्या तासाचं वर्तुळ

माणूस कामाला किती लांब जाईल हे किलोमीटरवर ठरत नाही, वेळेवर ठरतं. याकोव्ह झहावी या अभ्यासकाने १९७० च्या दशकात वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांचा प्रवास तपासला. पुढे १९९४ मध्ये चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने तो विचार आणखी मागच्या काळापर्यंत नेला. निष्कर्ष साधा होता: माणूस पायी जावो, घोड्यावर जावो की मोटारीने, रोजच्या जाण्यायेण्यात तो सरासरी तासभर घालवतो. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. वाहन वेगवान झालं तर वाचलेला वेळ तो घरी घालवत नाही, घरच लांब नेतो.

हा नियम काटेकोर नाही. पुण्या-मुंबईत माणसं दोन-दोन तास गर्दीत काढतात, तर खेड्यात शेत दहा मिनिटांवर असतं. पण सरासरी मात्र नवल वाटावं इतकी टिकून राहते. आयर्लंडच्या जनगणनेत प्रत्येकाला कामावर जायला किती वेळ लागतो हे विचारलं जातं. डब्लिनच्या आसपास किल्डेअर, मीथ या परगण्यांत शहरात कामाला जाणाऱ्यांची कितीतरी छोटी गावं वसली आहेत. तरीही २०१६ मध्ये सगळ्या देशाची सरासरी २८ मिनिटं आली आणि २०२२ मध्ये २९ मिनिटं.

आता हा अर्धा तास नगरच्या नकाशावर मांडून पाहा. नगरचा स्थापना दिवस २८ मे १४९० मानतात, आणि भिंगार हे गाव शहराच्याही आधीचं. त्या काळापासून विसाव्या शतकापर्यंत बहुतेक माणसं पायीच चालत. ताशी ५ किलोमीटर धरले तर अर्ध्या तासात अडीच किलोमीटर. जुनं नगर, वेशींच्या आतलं, या मापात बरोबर बसतं. मग सायकल आली. ताशी १२ किलोमीटरने अर्ध्या तासात ६ किलोमीटर जाता येतं. केडगाव, भिंगार, सावेडी या टप्प्यात आली. पुढे दुचाकी आली. रहदारी, गतिरोधक, रेल्वे फाटक हे सगळं धरूनही ताशी ३० किलोमीटर पडतात, म्हणजे १५ किलोमीटर. निंबळक, विळद, अरणगाव, नेप्ती, बुऱ्हाणनगर, कापूरवाडी, शेंडी ही सगळी गावं एकदम आवाक्यात आली.

खरी मेख क्षेत्रफळात आहे. अडीच किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन येते. ६ किलोमीटरच्या वर्तुळात ११३ आणि १५ किलोमीटरच्या वर्तुळात ७०० च्या वर. अंतर सहापट वाढलं, पण जमीन छत्तीसपट मोकळी झाली. कर्जाऊ हप्त्यावर घेतलेल्या एका दुचाकीने एका पिढीत नगरचा जेवढा विस्तार केला, तेवढा आधीच्या पाच शतकांत झाला नव्हता.

जागेची किंमत कशी उतरते

जमीन एवढी मोकळी झाली, तर सगळीकडे भाव सारखाच का नाही? इथे शेकोटीभोवतीची बैठक डोळ्यांपुढे आणा. जाळाजवळ ऊब जास्त, पण तिथे चार-पाच जणच मावतात. जो मागे बसतो त्याला ऐसपैस जागा मिळते, पण थंडी सोसावी लागते. शहराचं केंद्र म्हणजे तो जाळ. कचेरी, बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं तिथे. जवळ राहणाऱ्याचा प्रवास वाचतो, म्हणून तो जागेला जास्त पैसे मोजतो. लांब राहणारा जागेचे पैसे वाचवतो आणि ते पेट्रोलमध्ये घालतो.

हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा सावेडीत दोन खोल्यांचं भाडं ७,००० रुपये आहे आणि १२ किलोमीटरवरच्या गावात तेवढ्याच खोल्या ३,५०० ला मिळतात. रोजचे जाऊन-येऊन २४ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६२४ किलोमीटर. लिटरमागे ५० किलोमीटर जाणारी गाडी असेल तर साडेबारा लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर तेराशे रुपयांच्या आसपास. ऑइल, टायर, सर्व्हिसिंग धरून अठराशे म्हणू. म्हणजे महिन्याला सतराशे रुपये हातात उरतात. वर पोरांना खेळायला अंगण आणि दाराशी तुळस.

पण याच हिशेबात महिन्याचे २१ तास रस्त्यावर जातात, आणि पावसाळ्यात खड्डा चुकवताना होणाऱ्या अपघाताची जोखीम कोणत्याच वहीत धरलेली नसते. घरात कमावणारी दोन माणसं दोन दिशांना जात असतील तर दुसरी गाडी लागते आणि शिल्लक संपते. म्हणूनच अशा गावांत राहायला येणाऱ्यांत दोन गट ठळक दिसतात. एक, नुकतं लग्न झालेले, एमआयडीसीत पाळीवर जाणारे तरुण. दुसरा, पाथर्डी, शेवगाव, आष्टी, जामखेडकडून पोरांच्या शिक्षणासाठी नगरला सरकलेली कुटुंबं. शहरात पाय ठेवायची ही त्यांची पहिली पायरी असते.

तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट

मागणी आली की जमिनीचे तुकडे पडतात. नगर तालुका मुळात जिरायती. बाजरी, ज्वारी, कांदा. कांद्याचा भाव पडला, विहीर आटली, घरात लग्न निघालं, की रस्त्याकडेचं शेत विकायचा विचार डोक्यात येतो. शेत म्हणून विकलं तर एकराचा भाव मिळतो. प्लॉट पाडून विकलं तर गुंठ्याचा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. एकरात असे ४० गुंठे. गुंठ्याचा भाव चाळीसने गुणला की जो आकडा येतो, तो त्या शेतात आयुष्यभर कांदा पिकवून मिळायचा नाही.

सरळ मार्ग असा असतो: शेतीची जमीन बिगरशेती करून घ्यायची, म्हणजे एनए. नगररचना विभागाकडून रेखांकन मंजूर करायचं. त्यात रस्त्याला रुंदी ठेवायची, मैदानाला मोकळी जागा सोडायची, सांडपाण्याची दिशा ठरवायची. यात वेळ जातो, पैसा जातो आणि रस्ते-मैदानात बरीच जमीन जाते.

वाकडा मार्ग झटपट असतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक मापाहून लहान तुकडे विकायला मनाई केली. हे माप जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. हेतू चांगला होता, शेती परवडेल एवढी तरी राहावी. पण शहराच्या कडेला घेणाऱ्याला शेती करायचीच नसते, त्याला एका गुंठ्यावर घर बांधायचं असतं. मग मुद्रांकावर करार होतात, किंवा दहा जण मिळून एकच मोठा तुकडा सामाईक घेतात आणि आतल्या आत फूटपट्टीने वाटून घेतात. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, लागलं तर सगळ्यांचं एकत्र लागतं. बँक कर्ज देत नाही. आणि विकणारा रस्त्यासाठी दहा-बारा फुटांहून जास्त सोडत नाही.

या दहा फुटांचं दुखणं पुढे पन्नास वर्षं पुरतं. त्या गल्लीत पाण्याचा टँकर वळत नाही, अग्निशमनाची गाडी शिरत नाही. गटार काढायचं तर कुणाची तरी पायरी फोडावी लागते. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा झाला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने लहान तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करायचा निर्णय घेतला. अडकलेल्या कुटुंबांना यातून सुटका मिळते आणि ती मिळायलाच हवी. मात्र कागद नियमित झाला तरी गल्ली रुंद होत नाही.

मुक्कामी गाडीचं गणित

राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगर–पुणे मार्गावर धावली. नगरकरांना याचा अभिमान आहे. पण या लेखाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मुक्कामी गाडी.

संध्याकाळची शेवटची बस गावात येते आणि रात्री तिथेच थांबते. चालक-वाहक शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर मंदिरात झोपतात, कुणाच्या तरी घरून जेवण येतं, आणि सकाळी सहाला तीच बस पहिली फेरी घेऊन शहराकडे निघते. असं का? कारण सकाळी सगळी गर्दी गावाकडून शहराकडे असते. बस रात्री डेपोत उभी राहिली, तर पहाटे तिला रिकामी गावापर्यंत यावं लागेल आणि त्या फेरीचं डिझेल फुकट जाईल. गावात मुक्काम केला की संध्याकाळी भरून आलेली गाडी सकाळी भरूनच परत जाते. कुणा अनुभवी माणसाने बसवलेली ही अत्यंत शहाणी व्यवस्था आहे.

मात्र मुक्कामी गाडी एकच असते, आणि दिवसातल्या बाकी फेऱ्यांना एकतर्फी गर्दीचा फटका बसतो. सकाळी आठची बस गावाहून माणसं लटकवून जाते, पण शहरातून परत येताना निम्मी रिकामी. उत्पन्न निम्म्यावर आलं की फेरी कमी होते. फेरी कमी झाली की पाळीची वेळ जुळत नाही. वेळ जुळली नाही की तरुण हप्त्याने दुचाकी घेतो. दुचाकी घेतली की बसचा आणखी एक प्रवासी गेला, आणि पुढची फेरी बंद व्हायला कारण मिळालं. एसटी कमी का झाली आणि रस्त्यावर दुचाक्या का वाढल्या, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

या चक्रात मागे राहतात त्या ज्यांच्या हाती गाडीची किल्ली नसते. घरातली दुचाकी सकाळी कर्ता पुरुष घेऊन जातो. त्यानंतर बाईला दवाखान्यात जायचं, मुलीला कॉलेजात जायचं, म्हातारीला डोळे दाखवायला जायचं, तर एसटी किंवा काळीपिवळी. म्हणून १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं, तेव्हा शहराभोवतीच्या गावांत त्याचा परिणाम नुसत्या पैशापुरता राहिला नाही. ज्या नोकरीचा निम्मा पगार तिकिटात जात होता, ती नोकरी करणं परवडू लागलं. कापडदुकानात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, पोळी-भाजी केंद्रात कामाला जाणाऱ्या बायकांच्या दृष्टीने शहर एका दिवसात अर्ध्या अंतरावर आलं.

रेल्वेचंही असंच. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, आणि १७ सप्टेंबर २०२५ ला तो बीडपर्यंत गेला. मार्गावरच्या नारायणडोह, कडा अशा गावांना नगर जवळ आलं. पण कामाला जाणाऱ्याला रूळ किती जवळ आहे यापेक्षा गाडी किती वाजता आहे हे महत्त्वाचं. कारखान्याची पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते, दुसरी दुपारी तीनला, तिसरी रात्री अकराला. ज्या गाडीची वेळ यांच्याशी जुळते, तिच्या स्थानकाभोवती पुढच्या दहा वर्षांत घरं उभी राहतात.

चौकट: कागदावर गाव, मोजणीत शहर

जनगणना विभाग एखाद्या वस्तीला शहर म्हणण्यासाठी तीन कसोट्या लावतो:

• लोकसंख्या किमान ५,०००

• मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात

• दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी

तिन्ही पूर्ण झाल्या, पण तिथे नगरपालिका नसून ग्रामपंचायतच असली, तर तिला ‘जनगणना शहर’ म्हणतात. नगरजवळचं नागरदेवळे आणि संगमनेरजवळचं घुलेवाडी ही जिल्ह्यातली अशी उदाहरणं. देशात २००१ मध्ये १,३६२ जनगणना शहरं होती, २०११ मध्ये ती सुमारे ३,९०० झाली. अशा वस्तीतली माणसं शहरासारखी जगतात, पण कारभाराला सरपंच, ग्रामसेवक आणि खेड्याच्या बेताने ठरलेला निधी एवढंच असतं.

पाणी येतं कुठून, जातं कुठे

निजामशाहीत नगर शहराला पाणी येत असे ते आसपासच्या गावांतून. कापूरवाडी, शहापूर अशा ठिकाणचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांनी, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात पोहोचायचं. आज दिशा उलटी आहे. शहर मुळा धरणाचं पाणी पितं आणि भोवतालची गावं बुऱ्हाणनगरसारख्या प्रादेशिक पाणीयोजनांच्या जलवाहिनीकडे डोळे लावून बसतात.

असं का झालं? इथली जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. सलग पाषाणात पाणी मुरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा उथळ असतो आणि जिल्ह्याचा पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्याही आत. शे-दोनशे उंबऱ्यांच्या, विहिरीवर जगणाऱ्या गावाला तो कसाबसा पुरायचा. तिथे हजार घरं आली, प्रत्येक इमारतीने आपली बोअर घेतली, की एकाच साठ्यात शंभर नळ्या जातात. पहिल्याची बोअर दोनशे फुटांवर लागते, दहाव्याची चारशेवर, आणि चाळिसाव्याला नुसता पांढरा भुगा मिळतो.

दुसरी बाजू सांडपाण्याची. शहरात निदान काही भागात भुयारी गटार असतं. गावात प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. एका शेतात एक घर असतं तेव्हा हे उत्तम चालतं, कारण माती पाणी गाळते. पण गुंठ्या-गुंठ्याला एक शोषखड्डा झाला की तेच मुरमाचे थर तुडुंब होतात. ज्या थरातून बोअर पाणी ओढते, त्याच थरात शेजाऱ्याचा शोषखड्डा पाणी सोडतो. दोन्हींत अंतर किती ठेवणार, जेव्हा प्लॉटच तेहेतीस फुटांचा आहे? पावसाळ्यात अशा वस्त्यांत जुलाब-काविळीची साथ येते तेव्हा आपण उघड्यावरच्या खाण्याला दोष देतो. आधी बोअरचं पाणी तपासून घ्यायला हवं.

आयर्लंडने यातला एक धडा फार महागात घेतला. १९९० नंतर तिथे भरभराट झाली, डब्लिनच्या पट्ट्यात आणि खेडोपाडी घरांच्या वसाहती उठल्या. घरं आधी झाली. शाळा, बस, सांडपाण्याची व्यवस्था मागून येईल असं धरून चालले. २००८ मध्ये मंदी आली आणि बांधकामं जागच्या जागी थांबली. २०१० च्या सरकारी पाहणीत अडीच हजारांहून जास्त वसाहती अर्धवट आढळल्या. काही ठिकाणी कुटुंबं राहायला आली होती, पण रस्त्याला दिवे नव्हते आणि गटारं जोडलेली नव्हती. देश श्रीमंत असला तरी घर आधी आणि गटार नंतर हा क्रम महागच पडतो.

जो कुठेच मोजला जात नाही

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. गावात माणसं वाढली तर गावाकडे पैसाही वाढायला हवा. तो का वाढत नाही?

ग्रामपंचायतीला पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक, स्वतःचे कर: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. दुसरी, वरून येणारा निधी, त्यात वित्त आयोगाचा मोठा. पंधराव्या वित्त आयोगाने हा निधी वाटताना २०११ ची लोकसंख्या धरली. म्हणजे गाव तेव्हा तीन हजारांचं असेल आणि आज नऊ हजारांचं असेल, तर निधी तीन हजारांचाच. ग्रामपंचायतीत सदस्य किती, सात की सतरा, हेही मागच्या जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरतं. आरोग्य उपकेंद्राचं माप सपाट भागात ५,००० लोकांमागे एक. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे २०११ नंतर राहायला आलेला प्रत्येक माणूस या हिशेबांतून गळालेला आहे.

घरपट्टीचं म्हणाल, तर घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला लागली तरच ती आकारता येते. वाकड्या मार्गाने बांधलेली कित्येक घरं नोंदीबाहेर राहतात. आणि ज्या कारखान्यात हे लोक राबतात, त्याचा कर ज्या हद्दीत कारखाना आहे तिथे जमा होतो. कामगार झोपतो त्या गावाच्या वाट्याला त्याचं सांडपाणी येतं.

मतदार यादीचीही हीच गत. पाथर्डीहून आलेलं कुटुंब दहा वर्षं दरेवाडीत राहतं, पण मत पाथर्डीकडच्या गावात. निवडणुकीला गाडी करून जातात, भावकीला भेटतात, मत देऊन येतात. भावना समजण्यासारखी आहे. मूळ गावाशी असलेला तो धागा असतो. पण त्याचा अर्थ असा की दहा वर्षं ज्या गटारावरून रोज उडी मारून जायचं, त्या गटाराबद्दल बोलायचा अधिकार आपणच सोडून दिला. सरपंचालाही कोणत्या गल्लीत किती मतं आहेत हे ठाऊक असतं. जिथे मतं नाहीत, त्या गल्लीचा रस्ता यादीत खाली जातो. त्याला एकट्या सरपंचाचा स्वार्थ म्हणता येणार नाही. निवडून येणारा कोणीही माणूस असाच वागेल.

ग्रामसभा हा उरलेला मार्ग. कायद्याने तिची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे नऊ हजारांच्या गावातही शंभर माणसं जमली की सभा चालते. पण सभा कामाच्या दिवशी सकाळी भरली तर पाळीवर गेलेला माणूस येणार कसा? ठराव होतात ते दिवसा गावात असणाऱ्यांचे.

सतरा किलोमीटरवरचं दुसरं उत्तर

शहर जवळ आहे म्हणून प्रत्येक गावाने असंच व्हायला हवं का? नाही. नगरपासून सुमारे १७ किलोमीटरवर, म्हणजे दुचाकीच्या त्या वर्तुळाच्या जरासंच पुढे, हिवरे बाजार आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळी होतं आणि माणसं मजुरीला बाहेर पडत होती. गावाने ग्रामसभेत काही गोष्टी ठरवल्या. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायचं, आणि जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही.

पाणलोटाच्या कामाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यातला शेवटचा ठराव सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. जमीन गावातच राहिली, म्हणून पाण्याचा हिशेबही गावाच्या हातात राहिला. शंभर नवे मालक आले असते तर ताळेबंद कुणाशी मांडणार होते? गेलेली कुटुंबं परत आली ती शेतीसाठी आणि दुधासाठी.

सगळ्या गावांना हे जमणार नाही, आणि जमावं असंही नाही. शहराला कामगार लागतात, कामगारांना परवडणारं घर लागतं, ते कुठेतरी असणारच. मग अशा गावाला सरळ शहरात घ्यावं का? केडगाव, बोल्हेगाव, नागापूर आज नगर महानगरपालिकेत आहेत. २००३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. हद्दीत गेल्याने नळ आणि गटाराचा हक्क मिळतो, पण कर आधी वाढतो आणि नळ सावकाश येतो. पुण्याने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत घेतली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी कर जास्त आणि सोयी कमी अशी तक्रार केली आणि शेवटी त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. माझं मत असं, की गावाचं नाव ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, जोपर्यंत तिथे राहणारी माणसं मोजली जात नाहीत आणि त्यांची मतं तिथे नाहीत, तोपर्यंत पाटी बदलून फरक पडणार नाही.

मोजले जाण्याची संधी आता जवळ आली आहे. जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये आणि लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. जिथे तुम्ही नेहमी राहता, तिथे तुमची नोंद होते. मूळ गावी घर आहे, रेशनकार्ड आहे, भावकी आहे, याने फरक पडत नाही. प्रगणक दुपारी येईल आणि दुपारी तुमच्या घराला कुलूप असेल. म्हणून शेजारी सांगून ठेवा, चिठ्ठी लावा, रविवारी बोलवा, पण कुटुंबातल्या प्रत्येकाची नोंद करून घ्या. मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८ चा अर्ज लागतो (ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा, हा मतदार नोंदणीचा), तोही भरा. घराची नोंद ग्रामपंचायतीत नसेल तर करून घ्या आणि घरपट्टीची पावती जपून ठेवा. आणि ग्रामसभा सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी घ्यावी, असा लेखी अर्ज गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी ग्रामसेवकाकडे द्या. त्या सभेला शंभर माणसं लागतात. नागरदेवळ्याच्या किंवा दरेवाडीच्या एका मोठ्या गल्लीत रात्री साडेआठला तेवढी सहज असतात.